पुढच्या खोलीचं भाडं

भिंग्याला स्वतःला चष्मा नाही. गल्लीत त्याची सगळ्यात जास्त चेष्टा होते ती यावरूनच. वीस-बावीस वर्षं लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासतोय आणि याची स्वतःची नजर मात्र ठणठणीत. लहानपणी रस्त्यात सापडलेलं एक भिंग खिशात घालून हिंडायचा, तेव्हा हे नाव पडलं ते पडलंच. आता दोन पोरांचा बाप झाला, कानावरचे केस पिकले, तरी सगळ्यांचा तो भिंग्याच. फक्त अक्का त्याला राजा म्हणते. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. चौदा वर्षांनी मोठी, बिनलग्नाची. आणि तिचं लग्न का राहिलं हे जर कोणी भिंग्याला विचारलं, तर तो विषय बदलतो. कारण उत्तर तो स्वतःच आहे.

आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता. वडील सकाळी कामाला जात ते अंधार पडल्यावर येत. मग पोराला न्हाऊमाखू घालायचं, शाळेत पोचवायचं, तापात उशाशी बसायचं हे सगळं अक्काच्या गळ्यात पडलं आणि तिने ते कधी गळ्यात पडलंय असं दाखवलं नाही. या पोराला तोंड उघडून काही मागावंही लागलं नाही. फाटका बूट घालून तो नुसता दारात उभा राहिला की दोन दिवसांत नवा बूट हजर. सहलीचे पैसे हवे असले की तो दप्तर हातात घेऊन नुसता घुटमळायचा आणि अक्का तिच्या पितळी डब्यात हात घालायची. लाड म्हणा, माया म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण असा वाढलेला माणूस मागायला शिकत नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. या घराची रीतच होऊन बसली ती. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. एकाने घुटमळायचं, दुसऱ्याने ओळखायचं.

वडील जाताना घर मुलाच्या नावावर करून गेले. तोंडाने मात्र सगळ्यांदेखत म्हणाले की पुढची खोली अक्काची. तेव्हापासून पुढच्या खोलीत अक्काचा पलंग, अक्काची ट्रंक, आणि रस्त्याकडच्या खिडकीखाली तिची बसायची जागा. तिथे बसून ती एका शिंप्यासाठी शर्टांना काज करते, बटणं लावते. खिडकीचा उजेड तिच्या उजव्या खांद्यावरून येतो आणि दुपारी चारपर्यंत टिकतो. तो गेला की ती काम आवरते. दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा तिला आताशा दिसत नाही. तिचा चष्मा भिंग्यानेच करून दिलाय, तेव्हा हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

तर झालं असं की ज्यांच्याकडे भिंग्या कामाला होता त्या मालकांनी दुकान विकायला काढलं. म्हातारे झाले, पोरं परदेशी, कोण बघणार? त्यांनी भिंग्याला बोलावून सांगितलं की काच घासायचं मशीन तू ने, निम्म्या किमतीत देतो, पैसे सावकाश दे. बाकी तुझं तू बघ. भिंग्याने मान हलवली, आणि घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात स्वतःचं दुकान थाटून झालं होतं. पाटीचा रंगसुद्धा ठरला होता.

पण माणूस काटेकोर. काच एक केसभर जास्त घासली गेली तर ती परत वाढत नाही. त्यामुळे दोनदा मोजून एकदा घासायचं, ही हाताची सवय. तसाच तो खर्चाच्या अंदाजाला बसला. मशीन धरलं. काउंटर धरला. फ्रेमा मांडायची फळ्यांची भिंत, तिच्यातले दिवे, आरसे धरले. डोळे तपासायच्या काचांची पेटी आणि वाचायचा तक्ता धरला. तपासायला संध्याकाळी जी बाई येणार होती तिचा हिस्सा धरला. परवाना, विजेचं वेगळं मीटर, पाटी. इवलेसे स्क्रू आणि नाकावरच्या गाद्यासुद्धा सोडल्या नाहीत. मग त्याला फ्रेमा पुरवणारा एक गडी भेटला, तोंडाचा फटकळ पण मनाचा बरा. तो म्हणाला की अरे शहाण्या, दुकान उघडलं की गिऱ्हाईक रांग लावतं असं वाटतंय का तुला? सहा महिने तुझी पोरं काय फ्रेमा खाणार? भिंग्या ओशाळला. घरी येऊन त्याने सहा महिन्यांचा घरखर्चही त्यात धरला.

एवढं होईतो आकडा जड झाला होता, पण उचलता येण्याजोगा होता. घोडं अडलं ते जागेपाशी. बाजाराच्या रस्त्यावर एका दाराचा गाळा बघितला. अनामत रक्कम ऐकूनच हा आल्या पावली परतला. आतल्या गल्लीत एक बघितला, तिथे भाडं कमी पण छत गळत होतं आणि दलाल निर्लज्जासारखा दोन महिन्यांचं भाडं मागत होता. जागा धरली की अंदाज दुप्पट व्हायचा. तीन आठवडे भिंग्या गाळे बघत हिंडला आणि रोज तोंड पाडून घरी आला.

अशाच एका संध्याकाळी तो पुढच्या खोलीत चहा पीत बसला होता. खोलीचं दार सरळ रस्त्यावर उघडतं. समोरून माणसं ये-जा करत होती. एक आजोबा थांबले, खिशातून चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि गेले. भिंग्या त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने खोलीकडे बघितलं. चहा तसाच गार झाला.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने बायकोच्या कानावर घातलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली नाही. तिने एवढंच विचारलं की आणि अक्का? भिंग्या म्हणाला, बघू. आता हे बघू म्हणजे काय असतं ते संसारी माणसांना सांगायला नको. बघू म्हणजे बघितलंय, ठरलंय, फक्त तोंडातून काढायची हिंमत नाही. बायकोलाही कळलं. मधल्या खोलीत चार माणसं झोपत होती, तिथे पाचवी गादी पडणार नव्हती. उरला स्वयंपाकघराचा कोपरा, पाण्याच्या पिंपाशेजारचा. तिथे खिडकी नाही. बायको म्हणाली की तुम्ही बोला त्यांच्याशी, नाहीतर मी बोलते. भिंग्या घाईने म्हणाला, नको, माझं मी बोलतो.

बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मोजायची टेप घेऊन पुढच्या खोलीत आला. असा हा बोलणारा!

अक्का काज करत होती. सुई कापडात खोचून तिने वर बघितलं. तो म्हणाला की जरा मोजून बघतो किती भरतंय ते. कशासाठी हे त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. ती उठली आणि टेपचं दुसरं टोक हातात घेतलं. लहानपणी पतंगाचा दोरा धरून उभी राहायची तशी उभी राहिली. रुंदी झाली. दाराची चौकट झाली. मग लांबी. वाचायच्या तक्त्याला खरं तर वीस फूट अंतर लागतं. तेवढी जागा नसली की तक्ता माणसाच्या पाठीमागे उंचावर लावतात आणि समोर आरसा. माणूस आरशात बघून अक्षरं वाचतो आणि दहा फुटांत काम भागतं. ते दहा फूट या खोलीत बसतात की नाही, सगळा डाव त्याच्यावर होता.

"इथपर्यंत धरू?" अक्काने विचारलं.

"अजून मागे."

"मागे पलंग आहे."

भिंग्याने टेपवरचे आकडे वाचायला मान खाली घातली. "पलंग नाही असं धर," तो म्हणाला.

अक्काने पलंगाकडे बघितलं. मग पलंगावर एक गुडघा टेकून वाकली, हात लांब केला आणि टेपचं टोक पलीकडच्या भिंतीला टेकवून धरलं. दहा फूट भरले, वर चार बोटं शिल्लक. भिंग्याला आनंद झाला. झाला, खोटं कशाला बोला! आणि त्याच्या पाठोपाठ तो टेप गुंडाळायची सोडून अंगणात जाऊन उभा राहिला.

त्यानंतर जागा या बाबीसमोर त्याने शून्य मांडलं. सगळा अंदाज एकदम हलका झाला. फ्रेमवाल्यालाही कौतुक वाटलं. घरचीच जागा असताना इतके दिवस का रे भटकलास, असं म्हणून त्याने पाठीवर थाप मारली. ती थाप भिंग्याला दोन दिवस दुखत होती.

कर्जासाठी तो बँकेत गेला. तिथल्या बाई वयाने लहान पण कामाला चोख. एकेक बाब बोट ठेवून विचारत होत्या. मशीन जुनं का? फ्रेमा उधारीवर मिळतील का? भिंग्या फाडफाड उत्तरं देत होता. बाई खूश दिसल्या. म्हणाल्या की इतका नीट विचार करून येणारं माणूस विरळा. मग त्यांचं बोट शून्यावर थांबलं. त्यांनी समजावून सांगितलं की जागा घरची असली तरी आम्ही तिचं भाडं धरायला सांगतो, कारण ती जागा दुकानाला दिली की तिचा दुसरा काही उपयोग बुडतो, आणि तोही खर्चच असतो.

"सध्या त्या खोलीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," भिंग्या म्हणाला. "पडूनच आहे."

किती सहज म्हणाला! जीभ अडखळली नाही, कान तापले नाहीत. बाईंनी मान डोलावली आणि पुढची बाब घेतली. त्याच घटकेला त्या पडून असलेल्या खोलीत खिडकीखाली बसून अक्का कुणाच्या तरी शर्टाला सहावं बटण लावत असणार. हे त्याला बँकेच्या पायऱ्या उतरताना सुचलं आणि तो तिथेच बसला. एक पायरी खाली, एक वर असे लोक त्याला वळसा घालून जात होते. परत आत जावं आणि सांगावं की बाई, चुकलं, तिथे माझी बहीण राहते. उठला. दोन पायऱ्या चढला. मग त्याला गाळ्याची अनामत आठवली आणि तो खाली उतरून घरी गेला.

पुढचे दिवस त्याचं काही खरं नव्हतं. अन्न गोड लागेना. अक्काने वाढलं तर डोळे वर करवेनात. म्हणून ती समोर आली की हा उगाच खेकसायचा, दार का उघडं, दिवा का चालू. माणूस ज्याचा गुन्हेगार असतो त्याच्यावरच डाफरतो, आणि भिंग्या काही जगावेगळा नव्हता. अक्का उलटून बोलली नाही. बोलली असती तर त्याच्यावर उपकारच झाले असते. एक दिवस तो दोन शिव्या खाव्यात या आशेने मुद्दाम तिच्या शर्टांच्या गठ्ठ्याला पाय लावून गेला. तिने गठ्ठा उचलून ट्रंकेवर ठेवला, बस्स.

मग त्याने बाजारातून एक दिवा आणला. लवचीक मानेचा, पांढऱ्या उजेडाचा, चांगला महागातला. पिंपाशेजारच्या भिंतीत खिळा ठोकून तो बसवला, खाली पाट ठेवून उजेड कुठे पडतो ते स्वतः बसून बघितलं. बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती म्हणाली की अजून बोलला नाहीत ना? त्याने दिव्याची मान आणखी जरा वाकवली. आणि लाज वाटायची गोष्ट पुढेच आहे. त्या दिव्याची किंमत त्याने दुकानाच्या अंदाजात धरली. किरकोळ खर्चात. बहिणीचं आयुष्य पुढच्या खोलीतून उचलून पिंपाशेजारी ठेवलं आणि ते किरकोळीत बसवलं. हे त्याचं त्यालाच जाणवलं, तेव्हा त्याला स्वतःच्या हाताची किळस आली. पण आकडा त्याने काढला नाही.

अक्काने दिवा बघितला. "छान आहे," म्हणाली, आणि तिचा तो पितळी डबा घासायला घेतला.

कर्ज मंजूर झाल्याचा निरोप आला त्याच दिवशी सुताराने घरी येऊन सांगितलं की परवा सकाळी माणूस पाठवतो, खोली मोकळी करून ठेवा. आता मात्र टाळता येईना. दुसऱ्या दिवशी भिंग्याने मालकांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. सकाळभर मशीनवर काच धरून मनातल्या मनात घोकत होता. अक्का, माझं चुकलं. अक्का, तू इथेच राहा, दुकान मी बाहेर बघतो. घोकता घोकता दोन काचा जास्त घासून वाया घालवल्या. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुपारी घरी आला तेव्हा बायको कामाला, पोरं शाळेत. पुढच्या खोलीचं दार सताड उघडं. पलंगावरची गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. ट्रंकेला कुलूप. अक्का बाहेर जायच्या कपड्यांत पलंगाच्या लाकडी पट्ट्यांवर बसली होती आणि शेजारी एक फुगलेली कापडी पिशवी होती.

तिने शांतपणे सांगितलं की शिंप्याच्या ओळखीने मुलींच्या एका वसतिगृहात देखरेखीचं काम मिळालंय. पगार बेताचा, पण जेवणखाण तिथलंच आणि राहायला खोली. ट्रंक न्यायला उद्या माणूस येईल, सुताराच्या आधी येईल अशी सोय केलीय. खोली लहान आहे पण खिडकी पूर्वेला आहे. महिनाभर हे चाललं होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. पत्ता लागणार कसा? तिच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं ना सगळ्यांनी.

चौकटीला धरून भिंग्या कसाबसा म्हणाला, "अक्का, मी तेच बोलायला आलो होतो. दुकान बाहेरच बघावं म्हणतोय."

"बाहेर किती पडेल?"

आता या प्रश्नाला दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पडेल ते पडेल. पण या काटेकोर माणसाच्या तोंडून अनामत, दलाली, सहा महिन्यांचं भाडं, छताची डागडुजी असं सगळं धरून अख्खा आकडा बाहेर पडला. सवयच ती. अक्काने ऐकून घेतला.

"आणि आणणार कुठून?"

तो चौकटीचा सुटलेला रंग नखाने काढू लागला.

"मग बोलायला आलास ते कशासाठी? मी म्हणावं म्हणून, नको रे राजा, इथेच कर?"

भिंग्याला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण तेच होतं. सकाळभर तो जे घोकत होता ते काही तिला थांबवायला नव्हतं. तिने नेहमीसारखं ओळखावं, आपणहून खोली द्यावी आणि वर याची समजूतही काढावी, यासाठी होतं. हे त्याला आत्ता, चौकटीला टेकून उभं असताना कळलं. तिला बहुतेक टेप धरली त्या दिवशीच कळलं असावं.

"खोलीचं काही नाही रे," अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "खोली मी दिली असती. पिंपाशेजारी काय, अंगणात बसले असते. तुझ्यासाठी बसायची मला नवलाई आहे का? पण एकदा विचारायचं होतंस. तुझ्या एवढ्या खर्चात त्याला काय पडणार होतं?"

भिंग्याने तोंड उघडलं. नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते त्याच्या ओठांपर्यंत आले होते आणि अक्का उठायची थांबली होती, त्याच्याकडे बघत होती. लहानपणी तो दारात घुटमळायचा तेव्हा ती अशीच बघायची. फरक एवढाच की या खेपेला ती ओळखून घेणार नव्हती. त्याला बोलावं लागणार होतं.

आणि नेमकं तेव्हा त्याच्या मनात आलं की पिंपाशेजारचा कोपरा आता मोकळाच राहील, काचांची खोकी तिथे मावतील, गोदामाचा खर्च वाचेल. त्याने हा विचार बोलावला नव्हता. तो आपोआप आला, आणि एकदा आला तो हलेना. भिंग्याने तोंड मिटलं.

अक्का पदर सारखा करून उठली.

"ती पिशवी दे इकडे," म्हणाली.

त्याने दिली.